साहेबांच्या कुत्रीचं कुरूप

रजेवर जाताना आमच्या तहसीलदार साहेबांनी दोन गोष्टी माझ्या स्वाधीन केल्या. एक कचेरीतल्या कपाटांच्या किल्ल्या आणि दुसरी बिजली. किल्ल्यांनी मला काहीच त्रास दिला नाही, म्हणून त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही.

बिजली म्हणजे साहेबांची विलायती शिकारी कुत्री. तिची आई मोमिनाबादच्या छावणीत कुणा गोऱ्या कप्तानाकडे होती. लांब तोंड, लांब पाय, आणि पोट असायला हवं तिथे जवळजवळ काहीच नाही. ती सशामागे सुटली की आपला घोडा मागे पडतो असं साहेब सांगत, आणि साहेब सांगत म्हणून आम्ही सगळे अहलकार, म्हणजे कचेरीतले कारकून, ते मानत असू. पण महिनाभर ती पुढच्या उजव्या पायानं लंगडत होती. टांग्यात एक पाय ठेवून साहेब मला म्हणाले, "सुंदरराव, दो महिने में अच्छी हो गई तो ठीक. नइं तो आके गोली मार देता मैं. लंगड़ा शिकारी जानवर रखना उस पर जुलूम है." हे बोलताना ते बिजलीकडे बघत नव्हते. लेकीच्या लग्नाला हैदराबादेस निघालेला माणूस, डोळे पुसले ते लेकीसाठी की कुत्रीसाठी हे मला कळलं नाही.

आष्टीच्या तहसील कचेरीत मला बावीस वर्षं झाली. वरिष्ठांचा तोंडी हुकूम आधी कागदावर उतरवायचा आणि मग पुढचं काम बघायचं, ही माझी रीत. त्याप्रमाणे लिहिलं: सन १३२२ फसली, कुत्री एक, दोन महिन्यांत बरी करणे, न झाल्यास गोळी. लिहून होईपर्यंत बिजली माझ्या शेरवानीला नाक लावून उभी होती. गोळी हा शब्द मी नेहमीपेक्षा बारीक अक्षरात काढला, एवढं मला आठवतं.

घरी आमच्या कुटुंबानं, म्हणजे सावित्रीबाईंनी, दारातच अडवलं. कुत्री गोठ्यात राहील, ओसरीला शिवणार नाही, आणि तिची भाकरी वेगळ्या परळात, अशा तीन अटी घातल्या. मी तिन्ही मान्य केल्या. चौथ्या दिवशी गोठ्यात डास फार म्हणून बिजली ओसरीवर आली. आठव्या दिवशी ओसरीवर वारं लागतं म्हणून माजघरात आली. पंधरवड्याच्या आत घोंगडीवर ती आणि चटईवर मी अशी व्यवस्था लागली, आणि ही व्यवस्था कुणी लावली असं विचारलं तर सावित्रीबाई कणीक मळायला आत जात. स्वयंपाकघरात मात्र बिजलीला मज्जाव होता. पण सोवळ्याशिवाय तिथे मलाही मज्जावच आहे, तेव्हा त्या बाबतीत आम्हा दोघांचा दर्जा एकच होता.

गल्लीला तिच्या पायापेक्षा तिच्या बरगड्यांची चिंता जास्त. असली कुत्री हडकुळीच असते, जातच तशी आहे, हे मी पहिल्या आठवड्यात चाळीसेक माणसांना समजावून सांगितलं. कुणालाही पटलं नाही. आयाबाया पदराखाली भाकरी घेऊन यायच्या, बिजलीला घालायच्या आणि माझ्याकडे एक नजर टाकून जायच्या. कचेरीतला माणूस कुत्रीच्या तोंडचंसुद्धा खातो, असं पाणवठ्यावर कुणी तरी म्हणाल्याचं सावित्रीबाईंनी मला जेवताना सांगितलं. बावीस वर्षांत मी पक्षकाराकडून विड्याचं पानसुद्धा घेतलेलं नाही. त्या दिवशी मी अर्ध्या ताटावरून उठलो, आणि उरलेली भाकरी बिजलीला मिळाली.

आता तिच्या लंगडण्याबद्दल. ते लंगडणं सरळ नव्हतं. आमच्या गल्लीत फरशी आहे, तिथे ती पाय उचलून तीन पायांवर चालायची, आणि चेहरा असा करायची की बघणाऱ्यानं तिच्यासाठी टांगा बोलवावा. पण घराच्या मागं नांगरलेलं रान आहे. तिथे सोडली की चारी पायांवर अशी सुटायची, की नुसती धूळ दिसायची. परत फरशीवर आली की पुन्हा तीन पाय.

हे सगळ्यात आधी टिपलं ते शेजारच्या तात्याबानं. तात्याबा पूर्वी गावची चावडी सांभाळायचा, आता लोकांची घरं सांभाळतो. आमच्या घराची त्याला विशेष काळजी. "कावून लंगडती म्हनता?" तो म्हणाला. "लंगडत न्हाई ती. सोंग हाय. कचेरीतली कुत्री, कामाच्या जागीच बरा पाय दुखतोय तिचा." हे बोलणं कुत्रीला होतं की मला, याचा मी बराच वेळ विचार केला.

सोंग आहे म्हणूनही तात्याबानं उपाय सांगायचं सोडलं नाही. आधी म्हणाला मुरगळलंय, तेल लावा. दोन वाट्या तीळतेल चोळलं, ते बिजलीनं चाटून साफ केलं आणि तिच्या अंगावर तेवढी चकाकी आली. मग म्हणाला काटा रुतलाय. मी सुई घेऊन बसलो, पण काटा काही दिसेना. तळव्याच्या गादीत मधोमध एक गोल, पांढुरका, कडक ठिपका तेवढा होता, त्याला हात लावला की बिजली पाय ओढून घ्यायची. त्यावर तात्याबाची बायको कडूबाई म्हणाली की दृष्ट लागलीय, आणि मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन स्वतः आली. धुरानं बिजली अकरा वेळा शिंकली. तो शुभशकुन ठरला. मी खोकून खोकून लाल झालो, त्याचा काय शकुन ते कुणी सांगितलं नाही.

शेवटी तात्याबा म्हणाला, बिब्बा घाला. आमच्याकडे पायाच्या कसल्याही दुखण्यावर माणसं शेवटी बिब्ब्यावर येतात, तेव्हा मी तो सुईला टोचून दिव्यावर धरला. तेल सुटायला लागलं. सावित्रीबाईंनी बिजलीचा पाय धरला होता, तात्याबा उभ्यानं हुकूम सोडत होता. मी तेलाचा थेंब त्या ठिपक्यावर सोडणार, तेवढ्यात बिजलीला माझ्याबद्दल एकदम प्रेम दाटून आलं आणि तिनं माझं तोंड चाटलं. माझा हात हलला. थेंब माझ्या नाकावर.

बिब्बा उतला म्हणजे काय होतं हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्यानं माहीत करून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी माझं नाक वांग्याएवढं झालं. खोबरं वाटून लावलं, तीळ वाटून लावले. कचेरीला सुटी घेणं माझ्या रीतीत बसत नाही, म्हणून शेरवानी चढवली, डोक्याला दस्तार बांधली, कमरेला बगलूस आवळला. बगलूस म्हणजे पितळी बक्कल असलेला पट्टा, तो नसेल तर आमच्या रियासतीत वरिष्ठांपुढे उभं राहता येत नाही. नायब तहसीलदारांनी दिवसभर माझ्याशी कागदात बघूनच बोलणं केलं. मी त्यांचा आभारी आहे.

एव्हाना तीन आठवडे गेले होते. माझं नाक उतरलं, पण बिजलीचा पाय होता तसाच. एके दिवशी संध्याकाळी सावित्रीबाई तिला भाकरीचा काला चारता चारता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गोळी घालताना सायेब स्वतः घालत्याल, का तुमाला सांगत्याल?" मी म्हणालो, असलं काही होणार नाही. पण त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी बीडला जायचं ठरवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी सलोत्री असतो, म्हणजे घोड्यांचा डॉक्टर. जो घोडा बरा करतो त्याला कुत्री काय अवघड, असा माझा हिशेब.

पण सलोत्र्याकडे नुसतं जाता येत नाही. रीतसर दरख्वास्त लागते, आणि तिचा छापील नमुना असतो. नमुन्यात जनावराची जात या खान्यात घोडा, खेचर, बैल, म्हैस आणि उंट एवढीच नावं. कुत्र्याचा खाना नाही. मी नायब साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, नवा खाना घालायचा तर मंजुरी हैदराबादहून आणावी लागेल, आणि कागदांची मिसल परत येईपर्यंत कुत्रीचं काय, आपलंही वय होऊन जाईल. मग हळू आवाजात म्हणाले, घोडा लिहा. बावीस वर्षांत मी सरकारी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं: घोडी, रंग राखाडी, उंची दीड हात. 

आष्टीहून बीड बैलगाडीनं तीन मुक्काम. गाडी गहिनीनाथची. हा गहिनीनाथ तोंडानं फार कमी बोलतो, पण बैलांची बाजू घेऊन बोलतो. बिजली गाडीत कडब्यावर पसरली ती पुढच्या दांडीपासून मागच्या दांडीपर्यंत. दोघांचं वजन बैलांना झेपणार नाही असं गहिनीनाथचं मत पडलं, आणि तिचा पाय दुखतोय, तुमचे दोन्ही बरे आहेत, असंही त्यानं दाखवून दिलं. म्हणून शेरवानी, दस्तार आणि बगलूस घालून मी गाडीमागून चाललो. वाटेतल्या वस्त्यांवरच्या लोकांना वाटलं, तहसीलदार साहेबांची कुत्री दौऱ्यावर निघालीय. दोन ठिकाणी त्यांनी गाडीला मुजरा केला. मला कुणी केला नाही.

मांजरसुंब्याला विहिरीवर बैल सोडले. तिथे सटवा नावाचा मेंढपाळ मेंढरं पाजत बसला होता. बिजली गाडीतून उतरली, वाटेच्या खडीवर लंगडली, मग बाजूच्या नांगरटीत शिरली आणि मेंढरांभोवती दोन फेरे मारून आली. मी सटव्याला म्हणालो, बघा, असं सोंग करते. त्यानं बिजलीला जवळ घेतलं, पाय उलटा केला, त्या पांढऱ्या ठिपक्यावर अंगठा दाबला. बिजली कळवळली.

"कुरूप हाय ह्ये," तो म्हणाला. "मानसाला टाचंत व्हतं तसं. मऊ भुईत पाय रुततोय तवा दुखत न्हाई. कडक भुईवर खडा टोचल्यावानी व्हतं. न्हाव्याला दावा, त्यो काढंल."

मी विचारलं, न्हावी कुत्र्याचं पाऊल हातात घेईल का. सटवा म्हणाला ते न्हाव्याला विचारा, मला नाही. मी त्याचे आभार मानले. पण माझ्या खिशात छापील दरख्वास्त होती, तिच्यावर शिक्का होता, आणि शिक्का मारून आणलेला कागद मेंढपाळाच्या बोलण्यावरून परत न्यायचा, हे मला जमलं नाही. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. कचेरीत मुरलेल्या माणसाकडूनच असली चूक होते.

बीडला सलोत्र्याच्या कारकुनानं दरख्वास्त वाचली, बिजलीकडे बघितलं, परत दरख्वास्त वाचली. दीड हाताची घोडी असते का, असं त्यानं फार अदबीनं विचारलं. तो भला माणूस होता. त्यानं स्वतःच तोड काढली आणि घोडी खोडून शिंगरू लिहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की शिंगराच्या इलाजाला त्याची आई हजर लागते, तसा कायदाच आहे. अर्धा दिवस त्यात गेला. शेवटी आई मयत असं लिहून शिंगराला पोरकं ठरवलं, आणि बिजली आत गेली.

सलोत्री साहेब दांडगे, दिलदार, आणि घोड्याखेरीज कशाचंही अप्रूप नसलेले. म्हणाले, चालवून दाखवा. त्यांच्या अंगणात घोडे फिरवायची जागा होती. तिथे नदीची वाळू पसरलेली, पावलाला अगदी लुसलुशीत. बिजलीनं तीन फेरे मारले. चौथ्या फेऱ्याला सलोत्री साहेबांचा स्वतःचा घोडा तिच्या शेजारी सोडला, तोही मागे पडला. साहेब म्हणाले, माशाल्ला. मी हात जोडून सांगितलं, हुजूर, दगडावर बघा, दगडावर लंगडते. ते म्हणाले, "पत्थर पे घोड़े को कौन दौड़ाता मियाँ?" आणि दाखला लिहून दिला: शिंगरू तंदुरुस्त, इलाजाची गरज नाही.

परतीच्या वाटेत मी फार हिशेब केला. बिजली बरी असल्याचा शिक्क्याचा दाखला आता माझ्या खिशात होता, आणि पुढे गाडीत बिजली पाय चाटत पडली होती. साहेबांपुढे ती लंगडली तर एक तर सरकारी दाखला खोटा, नाही तर मी. आणि गोळी दोन्हीतल्या कुणालाच लागणार नव्हती. घाटात गहिनीनाथनं गाडी थांबवली आणि म्हणाला, बैल दमलेले नाहीत, तुमी बसा वाटलं तर. मी कडब्यावर बसलो. बिजलीनं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. मला तिचा लळा लागला होता, हे तोपर्यंत मी स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. घाट उतरेपर्यंत केलं.

आष्टीत आल्यावर मी धोंडीरामकडे गेलो. कचेरीच्या फाटकापाशी लिंबाखाली पोतं टाकून बसतो तो धोंडीराम न्हावी. अख्ख्या आष्टीच्या दाढ्या त्याच्याकडे, नखं त्याच्याकडे, कुणाच्या टाचेत कुरूप झालं तर तेही त्याच्याकडेच. मी सगळं सांगितलं. त्यानं वस्तरा पुसून ठेवला.

"राव, ह्या नराणीनं समद्या गावाची नखं निगत्यात," तो म्हणाला. "ती कुत्रीच्या पायाला लागली असं कळलं, तर मला कोन बोलावंल? लगीन न्हाई, बारसं न्हाई. माज्या घरच्यांनी काय खायाचं?"

त्याचं खरं होतं. मी उठलो. तो म्हणाला, नुसतं बघतो, हात लावणार न्हाई. दुपारी तो आमच्या मागच्या दारानं आला, ओसरीवर बसला. बिजली त्याच्यापुढे गेली आणि लंगडा पाय आपण होऊन त्याच्या मांडीवर ठेवला. धोंडीरामनं तो ठिपका बघून घेतला. मग सावित्रीबाईंना म्हणाला, आठ दिस कोमट पान्यात मीठ टाकून पाय शेका, वर एरंडेल बांधा, आनि कुनाला बोलू नका.

आठवा दिवस बाजाराचा होता. गल्ली रिकामी, तात्याबा बाजारात. धोंडीराम वडिलांच्या वेळची जुनी नराणी घेऊन आला, म्हणजे गावाची वेगळी आणि कुत्रीची वेगळी. पण जुनी बोथट निघाली. त्यानं ती दोनदा लावून बघितली, बिजलीला नुसतं दुखलं. मग कुणाशी काही न बोलता त्यानं धोपटीतून रोजची काढली. मी बिजलीचं डोकं धरलं आणि डोळे मिटले. दाढी करताना गिऱ्हाइकांना सांगतो तशा गावातल्या भानगडी धोंडीराम हळू आवाजात तिला सांगत होता. तिनं आवाज केला नाही. डोळे उघडले तेव्हा सावित्रीबाईंच्या तळहातावर तुरीच्या डाळीएवढा एक कडक, पांढरा तुकडा होता. एवढ्याशा गोष्टीसाठी मी बीडपर्यंत चालत गेलो होतो.

"पर राव, ह्याचं मूळ आत ऱ्हातंया," धोंडीराम हत्यारं आवरताना म्हणाला. "दीड म्हैन्यानं परत यील. परत काढावं लागंल."

बिजली उठली. फरशीवर तीन पाय टेकले, चौथा सवयीनं वर धरला. मग टेकला. थोडं थांबली, आणि चारी पायांवर अंगणभर फिरून आली. मला भरून आलं. सावित्रीबाईंसमोर बरं दिसत नाही म्हणून मी मागे जाऊन उगीच कडब्याची गंजी नीट करत बसलो. परत आलो तर सावित्रीबाई धोंडीरामच्या पाया पडत होत्या, आणि तो बिचारा मागे मागे सरकत होता.

साहेब ठरल्या दिवशी परतले. दुसऱ्या सकाळी कचेरीच्या फरसबंद अंगणात बिजलीला हजर करायचा हुकूम झाला. सगळी कचेरी जमली, अर्धं गाव जमलं. बिजली साहेबांना ओळखून झेपावली, आणि मग त्या कडक फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. पाय एकदाही उचलला नाही. साहेबांचा चेहरा खुलला. कुणी बरी केली, त्यांनी विचारलं.

पहिला पुढे आला तात्याबा. तो फाटकापाशी धोंडीरामच्या पोत्यावर दाढीला बसला होता. एक गाल झाला होता, दुसरा राहिला होता, तसाच उठून आला आणि म्हणाला की बिब्बा आपण सांगितला होता. नायब साहेब म्हणाले की दरख्वास्त त्यांच्या सल्ल्यानं गेली. कुणी तरी सलोत्र्याच्या दाखल्याची आठवण दिली. कडूबाईही पदर सावरून दृष्टीचं सांगू लागली. साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, छान, आता हे दुखणं परत येणार नाही असं कुणी तरी लिहून द्या. चपराशानं कलम पुढे केलं. तात्याबाला घरी काम आठवलं. नायब साहेबांना एक मिसल आठवली. कलम फिरत फिरत माझ्यापाशी आलं.

एक घोडी मी लिहून चुकलो होतो. दुसरं खोटं हातून निघेना. मी सांगितलं की हुजूर, परत येईल, दर दीड महिन्यानं काढावं लागेल. साहेबांनी विचारलं, कोण काढणार. कुणाला सांगणार नाही असा धोंडीरामला शब्द दिलेला होता, म्हणून खाली बघत राहिलो. साहेब बराच वेळ बिजलीच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, महिन्यातले पंधरा दिवस मी दौऱ्यावर, हिचे हाल कुत्रा खाणार नाही, त्यापेक्षा एकदाच सुटू दे. चपराशाला त्यांनी बंदूक आणायला सांगितलं. मी सवयीनं बगलूस सरळ केला आणि उभाच राहिलो. बावीस वर्षांची नोकरी, आणि त्या वेळी तिचा एवढासुद्धा उपयोग झाला नाही.

"हुजूर," लिंबाखालून आवाज आला. धोंडीराम गर्दीतून पुढे आला. हातात नराणी होती. "कुरूप मी काढलं. ह्याच नराणीनं. परत आलं की परत काढीन. माजी जबाबदारी. गोळी नगा घालू."

अर्ध्या गावाचे हात आपापल्या हनुवटीवर गेले. तात्याबाचा गेला तो झालेल्या गालावर. धोंडीराम कुणाकडेच बघत नव्हता, नुसता बिजलीकडे बघत होता. त्यानं आपलं पोट गावापुढे टाकलं होतं, आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून अजून पोटातला शब्द ओठावर आणत होतो. पण आणला. म्हणालो, "हुजूर, ती माझ्याकडे राहील. तिची सगळी काळजी मी घेईन."

साहेबांनी माझ्याकडे, धोंडीरामकडे, मग बिजलीकडे बघितलं. चपराशाला हातानंच परत पाठवलं. "ले जाओ सुंदरराव," ते म्हणाले, "जानवर तुम्हारा." आणि भरभर आत निघून गेले. संध्याकाळी सावित्रीबाईंनी हे ऐकलं आणि बिजलीला स्वयंपाकघराच्या आत नेऊन जेवायला घातलं.

पण गावाचं काय? दुसऱ्या दिवशी धोंडीरामच्या पोत्यावर कुणी बसलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तात्याबा एक गाल गुळगुळीत आणि एक काळा असा, उपरण्यानं तोंड झाकून फिरत होता, पण लिंबाखाली येत नव्हता. धोंडीराम रोज पोतं टाकायचा, वस्तरा लावून ठेवायचा, आणि संध्याकाळी पोतं झटकून घरी जायचा. मला येता जाता रामराम करायचा, तो मला फार जड जायचा.

मग बाजाराचा दिवस आला. ऐन गर्दीच्या वेळी मी शेरवानी, दस्तार, बगलूस असा पुरा पोशाख करून बिजलीला घेऊन फाटकापाशी गेलो. माझी नखं आजवर घरात, दार लावून काढली जातात. त्या दिवशी मी सगळ्या बाजारादेखत पोत्यावर मांडी घातली, जोडा काढला आणि पाऊल धोंडीरामच्या हातात दिलं. म्हणालो, कुत्रीला लावलीस तीच नराणी वापर, दुसरी नको. नराणी जरा खोल गेली, आणि माझ्या करंगळीला किंचित लागलं. मी चेहरा हलू दिला नाही. बिजली शेजारी बसून आपला नंबर असल्यासारखी बघत होती. लोक उभे राहिले, कुजबुजले, गेले. अंगठ्यापर्यंत येईतो कुणीच आलं नाही.

मग तात्याबा आला. उपरणं बाजूला केलं, माझ्या शेजारी बसला आणि जोरात म्हणाला, "बे धोंडीराम, ही दाढी पुरी कर आधी. म्हैना काय असाच हिंडू?" धोंडीरामनं माझ्या पायावरून हात काढला. तात्याबानं इकडेतिकडे बघितलं, डाव्या पायातलं पायताण सरकवलं आणि टाच पुढे करून एवढ्याशा आवाजात म्हणाला, "आनि ह्येबी बघ जरा. तीन वर्सं झाली. लई दुखतंय. पर हळू काढ, बे."

धोंडीरामनं टाच मांडीवर घेतली, अंगठ्यानं दाबून बघितली. तात्याबा केवढ्यानं तरी ओरडला. सगळा बाजार वळून बघायला लागला.

"गप बसा, तात्याबा," धोंडीराम म्हणाला. "बिजली वरडली न्हाई."